उतरलेलं दार

आमच्या गॅरेजात कुणी गाडीचं दार आपटलं की मागच्या भिंतीकडून आवाज येतो, "हळू!" मग आपटणारा गिऱ्हाईक असो, मालक असो, नाहीतर मालकाची सासू असो. एकदा खरंच सासू होती. ती त्या दिवसापासून गॅरेजात पाय ठेवत नाही, आणि त्या आनंदात मालकानं संध्याकाळी सगळ्यांना चहा पाजला, असं गाड्यांचे पोचे काढणारा आमचा पत्रेवाला सांगतो. पत्रेवाल्याच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं आणि उरलेलं निम्मं ऐकू नये. पण नाव पडलं ते पडलंच. सगळे त्याला हळूभाऊ म्हणतात. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक असेल, आणि ती त्याला 'अहो' म्हणते.

मी तिथला रंगारी. सकाळपासून पॉलिश पेपर घासायचा, तोंडाला फडकं बांधून फवारा मारायचा आणि घरी जाऊन निळं-पांढरं शिंकायचं. हळूभाऊ आणि मी बरोबरच कामाला लागलो, तेव्हा दोघांचेही केस काळे होते. आता त्याचे पांढरे झालेत. माझे कुठल्या रंगाचे आहेत ते त्या दिवशी कुठली गाडी आली त्यावर ठरतं. दोघेही दमलोय. ही तक्रार नाही. आज ऊन आहे म्हणावं तसं सांगतो आहे.

त्याचं काम दारांचं. दार लागत नाही म्हणून गाडी आली की नवशिका माणूस आधी कडीवर तुटून पडतो. कडी म्हणजे चौकटीच्या खांबावर स्क्रूंनी बसवलेला वाकवलेला लोखंडी गज. दाराच्या काठातलं लॉक येऊन तिला धरतं. दोघांची गाठ पडली नाही की दार एक तर लागत नाही, नाहीतर लागल्यासारखं करतं आणि वळणावर खडखडतं. स्क्रू ढिले करून कडी जरा वर-खाली सरकवली की तेवढ्यापुरतं भागतं. हळूभाऊला हे भागवाभागवीचं काम अजिबात खपत नाही. तो आधी दार अर्धवट उघडून त्याच्या खालच्या कोपऱ्याला हात घालून वर उचलून बघतो. हाताला खटका लागला की म्हणतो, "दार उतरलंय. बिजागरीची पिन झिजलीय. बिचाऱ्या कडीला कशाला छळता?" पाय मुरगळलेल्या माणसाला नवी चप्पल घेऊन देऊ नये, हे त्याचं म्हणणं. पिन बदलायची, दार जागेवर आणायचं आणि मगच कडीला हात लावायचा.

तोही कसा, तर आधी कडीभोवती पेन्सिलीनं रेघ मारायची, म्हणजे कुठून निघालो ते कळतं. कडीला थोडं ग्रीस फासायचं, दार अलगद टेकवायचं, उघडून लॉकला ग्रीस कुठं लागलं ते बघायचं. मग कडी केसभर सरकवायची. पुन्हा ग्रीस, पुन्हा टेकवणं. शेवटी दार आणि रबर यांच्यात कागदाची पट्टी धरून ओढायची. सहज निघाली तर दार ढिलं, फाटली तर घट्ट. कुरकुरत निघाली की हळूभाऊ पाने-पक्कड गोळा करतो. तेवढ्यात माझं अख्खं बॉनेट रंगवून होतं. तसं मी त्याला ऐकवलं की तो म्हणतो, "तुझं काम लोक बघायला येतात. माझं बघायला आले तर समजायचं, बिघडलंय."

असा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या गाडीचं दार लागत नसे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जुनी गाडी, उन्हानं छप्पर फिकं पडलेली. तिचं वहिनींच्या बाजूचं दार. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे उघडायचो आणि हळूभाऊ आपल्या गाडीपाशी उकिडवा बसून कडी खाली सरकवायचा. बिजागरीला हात नाही, पिनचं नाव नाही. जे केल्याबद्दल त्यानं पत्रेवाल्याला आयुष्यभर शिव्या घातल्या, नेमकं तेच. पुढच्या सोमवारी दार पुन्हा उतरलेलं, कडी आणखी खाली. गिऱ्हाइकांना डोळे असतात. एक जण मालकाला म्हणालाच, "तुमच्या माणसाचं स्वतःचं दार दोरीनं बांधायला आलंय, तो माझं काय नीट करणार?" मालकानं ती गाडी मागं, भंगाराच्या बाजूला लावायला सांगितली. हळूभाऊनं लावली. एका शब्दानं बोलला नाही.

मी बोललो. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, आणि भूक लागली की तर मुळीच नाही.

"नव्या पिना टाक की," मी म्हणालो. "अर्ध्या दिवसाचं काम. दर आठवड्याला हा काय पोरखेळ लावलायस?"

"टाकल्या तर पुन्हा झिजतील."

"म्हणून जेवण सोडायचं?"

"बिजागरी काढली की ती विचारणार, का काढली."

"मग सांग तिला."

"काय सांगू? तू दाराला लटकतेस म्हणून?"

हातातला घास हातातच राहिला. तसं पाहिलं तर सगळं डोळ्यांसमोरच होतं, मी दोन आणि दोन चार कधी केले नव्हते इतकंच.

वहिनी शाळेत पीटीच्या बाई होत्या. गल्लीतून पोक काढून चालणारा माणूस त्यांचं घर आलं की ताठ व्हायचा आणि ओलांडलं की पुन्हा पोक काढायचा. मीसुद्धा. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. निवृत्त झाल्या आणि वर्ष सरायच्या आत पायांतली ताकद जायला लागली. स्नायूंचा आजार. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की गेलेली ताकद परत येत नाही, असलेली वापरली तर टिकते. त्या आपलं आपण जे करतील ते करू द्या, कारण एकदा सोडलं की सुटलं. वहिनींनी त्यातून घरात एक कायदा काढला: हात नको. उठताना हात नको, चालताना हात नको, पडता पडता सावरायलाही हात नको. कायदा राहिला, पण एकेक गोष्ट सुटत गेली. जिना सुटला. केस बांधणं सुटलं. घरातल्या घरात भिंत धरून चालायच्या, आणि हळूभाऊ मागं दोन पावलांवर, आपण सहज तिकडं निघालोय असं दाखवत. हे दिवसभर दारं उचलल्यावर. मी त्याला कधी विचारलं नाही की झोपतोस किती. चेहऱ्यावर लिहिलेलं असतं ते विचारायचं कशाला?

सुटलं नव्हतं ते एकच, गाडीतून आपलं आपण उतरणं. रविवारी त्या व्यायामाच्या केंद्रात जायच्या. फाटकाशी गाडी थांबली की हळूभाऊनं उतरून लांब जाऊन उभं राहायचं आणि पाठ करायची, असा हुकूम. मग वहिनी दार उघडणार, हातानं एकेक पाय उचलून बाहेर ठेवणार, दाराचा वरचा काठ उजव्या हातानं पकडणार आणि सगळं अंग त्या दाराला लटकवून उभ्या राहणार. माझी स्कूटर बंद पडली होती तेव्हा एकदा मी मागच्या सीटवरून हे बघितलं. दार करकरलं, खाली दबलं, आणि वहिनी वर आल्या. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, रडावंसंही वाटलं. दोन्ही राहिलं, कारण वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बघताय काय? उतरा."

तर त्यामुळं ते दार उतरत होतं. वहिनींना हे कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी दार सोडलं असतं. गाडी मोडून उठण्यापेक्षा न उठलेलं बरं, असं म्हणणारी बाई. म्हणून हळूभाऊनं त्यांना सांगून ठेवलं होतं की या गाडीची दारंच मुळात वाईट, सगळ्यांचीच उतरतात.

अशातच शाळेतून बोलावणं आलं. खेळांचा दिवस, पहिल्या शर्यतीची शिट्टी जुन्या बाईंनी वाजवायची. वहिनी आधी नाही म्हणाल्या, मग हो म्हणाल्या, मग त्यांनी एक अट घातली. ती शाळेला नाही, नवऱ्याला.

"गाडीतून मी माझी उतरेन. पोरांसमोर मला उचलायची वेळ आली, तर तिथूनच गाडी वळवायची आणि घरी. आणि त्यानंतर मला कुठं न्यायचं नाव काढायचं नाही. व्यायामालाही नाही."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशी गत. हळूभाऊ मला हे सांगत होता तेव्हा त्याचा डबा बंदच होता.

"ती बोलली म्हणजे करेल," तो म्हणाला. "आणि एकदा घरात बसली की संपलं रे. मग खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत."

"उतरतील," मी म्हणालो. "दर रविवारी उतरतात."

"मागल्या रविवारी पहिल्यांदा उठताच आलं नाही तिला. परत बसली. मग उठली."

मी त्याचा डबा उघडून त्याच्यापुढं सरकवला.

आता इथं आमच्या मालकाचा चांगुलपणा आडवा आला. मालक तसा वाईट नाही, नुसता मोठ्यानं बोलतो. खेळांच्या दिवसाच्या आदल्या दुपारी हळूभाऊ एका गिऱ्हाइकाची गाडी पोचवायला गेला होता. मालक मागं येऊन त्या फिक्या छपराच्या गाडीकडं बघत म्हणाला, "बाई उद्या एवढ्या मानानं शाळेत जाणार, आणि दार हे असं खडखडणार? स्वतःसाठी तो करायचा नाही. चला, तो यायच्या आत उरकून टाका." पत्रेवाल्याला तर तेवढंच पाहिजे होतं. त्यानं ग्राइंडर लावून जुन्या झिजलेल्या पिना कापून काढल्या, नव्या बसवल्या. दार उचलून जागेवर आणलं. मला ठाऊक होतं की वहिनी दाराला धरून उठतात, पण नव्या पिना म्हणजे आणखी भक्कम दार, असं धरून मीही ब्रश घेऊन बिजागरीभोवतीचे ओरखडे झाकले. कडीला मात्र कुणी हात लावला नाही. हळूभाऊच्या कडीला हात लावायची छाती गॅरेजात कुणाचीच नाही.

आम्ही गाड्यांची माणसं. बिघडलेलं दिसलं की आमचे हात शिवशिवतात. ते बिघडलेलं कुणाला टेकू देऊन उभं आहे, हे बघायचं आम्हांला सुचत नाही.

हळूभाऊ आला. आम्ही तिघं गाडीशेजारी ओळीनं उभे, बक्षीस मिळणार असल्यासारखे. त्यानं आमच्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं आणि मूठ धरून दार ओढलं. दार पिसासारखं उघडलं. उघडलं ते थेट शेवटपर्यंत गेलं, तिथं धडकलं आणि तसंच परत येऊन खाली बसवलेल्या कडीवर टाणकन आदळलं. कुणी 'हळू' म्हणालं नाही.

"कुणी केलं?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांनी मिळून," मालक म्हणाला. "काय, आहे की नाही हलकं?"

हळूभाऊ रंगाच्या पालथ्या डब्यावर बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच सांगायला लागला, गिऱ्हाइकाला सांगावं तसं. दार उघडलं की वाटेत टकटक करत थांबतं, ते ज्या पट्टीमुळं, ती पट्टी या गाडीची कधीच मेली होती. दार थांबत होतं ते फक्त उतरल्यामुळं. झिजलेल्या पिनांत वाकडं होऊन अडकायचं, आणि अडकायचं ते बरोबर तिच्या हाताच्या अंतरावर. आता ते कुठंच थांबणार नव्हतं. उद्या ती काठ धरणार, अंग टाकणार, दार पुढं पळणार आणि ती तोंडावर पडणार. शाळेच्या मैदानात.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

"जुन्या पिना परत टाकू," पत्रेवाला म्हणाला.

"तू त्या कापल्यास."

"माझी गाडी न्या," मालक म्हणाला.

"तुमची उंच आहे. तिचे पाय टेकणार नाहीत."

"दार दोरीनं बांधून ठेवलं तर?" हा मी.

"पोरांसमोर दोरी? त्यापेक्षा मीच उचलतो तिला," तो म्हणाला आणि डोळे मिटून बसला. इतका थकलेला माणूस मी गॅरेजात बघितला नव्हता, आणि आमच्याकडं थकलेल्या माणसांचा तुटवडा नाही. मला स्वतःचा राग आला, मालकाचा आला, आणि खरं सांगायचं तर वहिनींचाही आला. एक हात घेतला असता तर काय आकाश कोसळणार होतं? हे मनात आलं ते आलं. लपवून काय करू?

मग तो उठला आणि भंगारातल्या एका गाडीच्या दारातून ती पट्टी काढून घेऊन आला. तिला खाचा होत्या, पण एक फार अलीकडं आणि एक फार पलीकडं. वहिनींचा हात पोचायचा त्याच्या मधे काहीच नव्हतं.

"इथं बस," तो मला म्हणाला.

"मी?"

"तुझी उंची तिच्याएवढी आहे. बस. आता तू ती."

पत्रेवाला फिस्सकन हसला. "वहिनी, सांभाळून हं," म्हणाला. मी त्याला जे म्हणालो ते वहिनींच्या तोंडून कधी आलं नसतं. पण मी बसलो.

"पाय तसा नाही टाकायचा," हळूभाऊ सांगायला लागला. "आधी डावा. गुडघ्याखाली हात घाल आणि उचल, पायात जीव नाही असं समज. हं. आता उजवा. मान खाली नको, ती समोर बघते. हात वर. तिथं नाही, काचेच्या मागं. करंगळी रबरावर. आता थोडं थांब. ती थांबते. ओठ आवळते, मग उठते."

मी ओठ आवळून त्याच्याकडं बघितलं. "तुला तर पाठ करून उभं राहायचा हुकूम असतो."

"केंद्रासमोर दुकानाची काच आहे," तो म्हणाला, आणि पट्टीवर खडूनं खूण करायला वाकला.

संध्याकाळभर तेच चाललं. पट्टी शिकंज्यात धरून त्यानं कानशीनं खाच पाडली, दारात बसवली, मला उठवलं-बसवलं, पुन्हा काढली, पुन्हा घासली. मालक घरी गेला नाही. पत्रेवाला दिवा धरून उभा राहिला. शेवटी कडी राहिली. दार आता वर गेलं होतं, म्हणजे कडीही वर न्यायला हवी होती. हळूभाऊनं स्क्रू ढिले केले आणि कडी उचलून घेतली. खांबावर तिच्या मूळ जागेचा ठसा होता, कारखान्यातल्या रंगाचा, ऊन न लागलेला. त्या ठशापासून ती खाली आली होती ते अंतर करंगळीच्या नखाएवढं. मी रंगारी, मला ते लगेच दिसलं. सगळे सोमवार तेवढ्यात मावले होते.

कागदाची पट्टी कुरकुरत निघाली. दार अर्धं उघडलं, टक करून थांबलं. मी काठाला धरून सगळं वजन टाकलं, आणि माझं वजन काही कमी नाही. दार जागचं हललं नाही.

"भिंत झाली, भिंत!" पत्रेवाला म्हणाला.

"भिंतच झाली," हळूभाऊ म्हणाला. हसला नाही. "ते जुनं तिच्याबरोबर जरा खाली यायचं."

"मग?"

"मग काही नाही. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी पान्यांची पिशवी घेऊन मी मागच्या सीटवर बसलो. वेळ पडली तर असावा म्हणून मालकानंच मला पाठवलं. वहिनींनी पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते, गळ्यात शिट्टी. वाटेत त्यांनी दोनदा हळूभाऊला गाडी सरळ चालवायला सांगितलं. गाडी सरळच चालली होती.

मैदानाच्या कडेला पोरं रांगा करून उभी होती. त्यांच्या नव्या पीटीच्या बाई खुर्ची घेऊन पुढं आल्या. वहिनींनी काचेतून नुसतं बघितलं, तशा त्या खुर्ची घेऊन होत्या तिथंच उभ्या राहिल्या. हळूभाऊ उतरला, लांब जाऊन त्यानं पाठ केली. इथं समोर दुकान नव्हतं. नुसती मैदानाची भिंत.

वहिनींनी दार उघडलं. टक झालं, दार थांबलं. त्यांनी क्षणभर दाराकडं बघितलं. मग डावा पाय, मग उजवा. हात काठावर, करंगळी रबरावर. ओठ आवळले. अंग पुढं आलं, सीटवरून जरा सुटलं आणि परत बसलं. दार तसूभरही हललं नाही. थोडं थांबून त्यांनी पुन्हा जोर केला. मी मागं बसून माझ्याच पायांवर जोर देत होतो, त्याचा त्यांना काय उपयोग? पुन्हा बसल्या. रांगांमधली कुजबुज थांबली. पोरांना सगळं कळतं.

तिसऱ्यांदा त्यांचा हात काठावरून घसरला.

हळूभाऊ वळला होता. कधी वळला मला कळलं नाही. तो लगबगीनं आला, माझ्या मांडीवरची पिशवी ओढून घेतली आणि दारापाशी गुडघ्यांवर बसला.

"थांब हं जरा," तो म्हणाला. "दार अंमळ वर बसलंय. थोडं खाली घेतो. आत्ता होईल."

त्या दारात काडीचाही दोष नव्हता. मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. तरी तो बिजागरीच्या बोल्टला पाना लावत होता आणि पाना नुसताच फिरत होता, कारण घाईत त्यानं चुकीच्या मापाचा उचलला होता.

"अहो," वहिनी म्हणाल्या. "दार चांगलं आहे."

"नाही गं, बिजागरी घट्ट..."

"दार चांगलं आहे. इतके दिवस दार वाईट आणि मी चांगली, असं तुम्ही मला सांगत आलात. मला काय कळत नव्हतं? माझ्या हाताखाली ते जरा जरा खाली यायचं. दार असं आपोआप खाली येतं का कधी?"

पाना थांबला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढं करत होतात. म्हटलं, करू दे."

हळूभाऊनं कपाळ गाडीच्या उंबऱ्याला टेकवलं. "दमलो गं मी," तो म्हणाला. इतक्या वर्षांत हे मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"माहीत आहे मला. उठा आधी."

तो उठायला गेला, पण जन्मभर उकिडवं बसून काम केलेले गुडघे ते, जागीच धरले. एक हात जमिनीवर टेकून बघितला, जमेना. मग त्यानं दुसरा हात वर करून दाराचा काठ पकडला आणि सगळं अंग त्याला लटकवून, कण्हत, कसाबसा उभा राहिला. मी खाली उतरायला गेलो होतो, तो तिथंच थांबलो. वहिनी बघत होत्या. आधी त्यांचे डोळे भरले, आणि मग त्या हसल्या.

"बघा," त्या म्हणाल्या. "तुम्हांलाही लागतं."

हळूभाऊ काठ धरूनच उभा होता. "वळवू गाडी?" त्यानं विचारलं. कबूल केलं होतं म्हणून विचारलं. त्याचा आवाज इतका बारीक आला की मला तो मागून जेमतेम ऐकू आला.

वहिनींनी पोरांच्या रांगांकडं बघितलं. खुर्ची घेऊन ताटकळलेल्या त्या नव्या बाईंकडं बघितलं. मग त्यांनी दोन्ही हात नवऱ्यापुढं केले.

"नको," त्या म्हणाल्या. "धरा मला."

दोघांना मिळून उभं राहायला बराच वेळ लागला. सगळी शाळा थांबली.